तीन हिरवे दिवे

श्रोतेहो, विमान हें आतां आपल्या शहरांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांसही नवलाईचें राहिलेलें नाहीं. मुलगा बंगलोरला नोकरीस असतो, मुलगी परदेशीं दिलेली असते, आणि जन्मांत पंढरपूरापलीकडे न गेलेल्या आजीबाई कमरेला पट्टा बांधून खिडकीपाशीं निमूटपणें बसलेल्या दिसतात. उतरण्याची वेळ जवळ आली कीं पायांखालीं कसलासा गडगडाट होतो, विमान किंचित् थरथरतें आणि थोड्या वेळानें जमिनीस टेकतें. त्या गडगडाटाचा अर्थ एवढाच कीं, पोटांत दुमडून ठेवलेलीं चाकें बाहेर निघालीं. तीं निघून जागच्या जागीं घट्ट बसलीं किंवा नाहीं, हें वैमानिकास डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं; चाकें त्याच्या आसनाच्या खालीं व मागें असतात. त्याला दिसतात ते फक्त तीन लहानसे हिरवे दिवे : एक पुढच्या चाकांचा, एक डाव्या बाजूचा आणि एक उजव्या बाजूचा. तिन्ही लागले म्हणजे सर्व ठीक. त्यांपैकीं एखादा लागला नाहीं तर काय करावयाचें? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचें नीट उत्तर मिळण्यास कित्येक वर्षें लागलीं आणि त्याची किंमत शंभराहून अधिक माणसांच्या प्राणांनीं द्यावी लागली. त्या उत्तराचा इतिहास आज मी आपणांस सांगणार आहें.

विमानविद्येच्या आरंभीं हा प्रश्न उद्भवतच नव्हता. राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानास चाकेंच नव्हतीं. तें रुळावरून सुटे आणि लाकडी घसरपट्ट्यांवर उतरे. पुढें चाकें आलीं, तीं पोटाखालीं कायमचीं जखडलेलीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी टाटा यांनीं टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर जें पुस मॉथ विमान उतरविलें, तें याच जातीचें होतें. त्याचीं चाकें आकाशांतही खालीं आणि जमिनीवरही खालीं. त्यामुळें तीं उतरलीं कीं नाहीं, ही शंका घेण्याचें कारणच नव्हतें.

परंतु जें चाक जमिनीवर उपकारक, तेंच आकाशांत अडचणीचें होतें. वेग वाढूं लागला तसतसा वाऱ्याचा विरोध वाढूं लागला, आणि पक्षी ज्याप्रमाणें उडतांना पाय पोटाशीं घेतो, त्याप्रमाणें विमानानेंही घ्यावे, ही कल्पना यंत्रज्ञांच्या मनांत बळावली. १९३३ सालीं उतारूंच्या सेवेंत दाखल झालेल्या बोइंग २४७ विमानाचीं चाकें वर ओढून घेतां येत असत. १७ डिसेंबर १९३५ रोजीं डग्लस कंपनीच्या डीसी-३ या विमानानें प्रथम उड्डाण केलें. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडील आकाशांत ज्याला सर्वजण डाकोटा म्हणून ओळखूं लागले, तेंच हें. या डाकोटाची एक मौज होती. त्याचीं चाकें वर घेतलीं तरी थोडीशीं बाहेर डोकावतच राहत, त्यामुळें प्रसंगीं तसेंच उतरावें लागलें तरी नुकसान बेताचें होई. पुढील विमानांत ही सोय राहिली नाहीं.

चाकें वर घेतां येऊं लागलीं त्याच दिवशीं तीं खालीं करण्यास विसरणेंही शक्य झालें. म्हणून यंत्राला भोंगा जोडण्यांत आला. वैमानिकानें उतरण्यासाठीं एंजिनांचा जोर कमी केला आणि चाकें अद्याप वरच असलीं, तर तो ओरडूं लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. बी-१७ जातीचीं अमेरिकन बाँबफेकी विमानें सुखरूप उतरल्यानंतर, धांवपट्टीवर असतांनाच एकाएकीं पोटावर बसूं लागलीं. १९४३ च्या सुमारास अल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञानें याचा छडा लावला. पंखांच्या मागील झडपा वर घेण्याची कळ आणि चाकें वर घेण्याची कळ या दोन्ही शेजारीं शेजारीं व दिसावयास अगदीं सारख्या होत्या. दमलेला वैमानिक झडपांऐवजीं चाकें वर घेई. यावर उपाय निघाला तो किती सोपा! चाकांच्या दांड्याच्या टोकाला लहानसें चाकच बसविलें आणि झडपांच्या दांड्याला पाचरीसारखा तुकडा. डोळे मिटूनही हाताला ओळख पटावी. आजही उतारूंच्या मोठ्या विमानांत चाकांच्या दांड्याचें टोक चाकाच्या आकाराचें असतें, आणि तसा नियमच आहे. चूक करणाऱ्यास शिक्षा करून भागत नाहीं, चुकीची वाटच बुजविली पाहिजे, हा धडा तेथें प्रथम मिळाला.

आतां हिरव्या दिव्याकडे वळूं. चाक खालीं येऊन त्याचा आधारदांडा सरळ झाला म्हणजे एक अटकाव बसतो, आणि तो बसल्याची वर्दी एक लहानशी विजेची कळ तारेंतून वर पाठविते. ती पोंचली कीं दिवा लागतो. म्हणजे चाक आणि दिवा यांच्यामध्यें कळ, तार आणि बल्ब असे तीन मध्यस्थ असतात. दिवा लागला नाहीं तर चाक बिघडलें असेल, किंवा या मध्यस्थांपैकीं एखादा बिघडला असेल. निरोप्या आला नाहीं म्हणजे घरीं कांहीं वाईट घडलें, असेंच केवळ नव्हे. निरोप्याचा पायही मुरगळलेला असूं शकतो. ही गोष्ट प्रत्येक वैमानिकास पाठ असते. तरीही ती जाणणाऱ्या माणसांच्या हातून काय घडलें, तें ऐका.

२९ डिसेंबर १९७२ ची रात्र. अमेरिकेंतील ईस्टर्न एअर लाइन्स या कंपनीचें ४०१ क्रमांकाचें विमान न्यूयॉर्कहून फ्लोरिडा संस्थानांतील मायामी शहराकडे येत होतें. विमान लॉकहीड कंपनीचें, ट्रायस्टार जातीचें, त्या काळीं अगदीं नवें व अत्यंत प्रगत समजलें जाणारें. त्यांत १६३ उतारू आणि १३ विमानकर्मचारी, अशीं एकंदर १७६ माणसें होतीं. नाताळ नुकताच होऊन गेला होता, नवें वर्ष तोंडावर आलें होतें. विमानतळ जवळ आल्यावर चाकांचा दांडा खालीं करण्यांत आला, तों दोन दिवे लागले. पुढच्या चाकांचा लागला नाहीं. ११ वाजून ३४ मिनिटांनीं कप्तानानें विमानतळाच्या मनोऱ्यास ही हकीकत कळविली व उतरण्याचा बेत रहित केला. येथपर्यंत जें झालें तें सर्वस्वीं शहाणपणाचेंच होतें.

विमान २,००० फुटांवर चढून पश्चिमेकडे वळलें. त्या बाजूस एव्हरग्लेड्स नांवाची अफाट दलदल पसरलेली आहे. तेथें ना वस्ती, ना दिवा. खालीं नुसता मिट्ट काळोख. कप्तानानें विमान ऑटोपायलटच्या, म्हणजे आपोआप दिशा व उंची राखणाऱ्या यंत्राच्या, स्वाधीन करण्यास सांगितलें. मग सहवैमानिक त्या न लागलेल्या दिव्याची डबी काढून पाहूं लागला. ती परत बसवितांना खांचेंत अडकून बसली. कप्तान त्याला सूचना करूं लागला. तिसरा अधिकारी, विमानांतील इंजिनिअर, याला खालच्या कोठडींत पाठविण्यांत आलें. पुढचें चाक उतरलें कीं नाहीं हें तेथल्या एका भिंगांतून पाहण्याची सोय होती. कंपनीचा एक तंत्रज्ञ त्याच कक्षांत बसून प्रवास करीत होता, तोही थोड्या वेळानें त्याच्यामागून खालीं उतरला. चार जाणते पुरुष, आणि चौघांचें लक्ष एका बोटभर दिव्यावर!

याच सुमारास ऑटोपायलटची उंची राखणारी व्यवस्था सुटली. कप्तान मागें वळून इंजिनिअरशीं बोलत असतां त्याचा हलकासा धक्का सुकाणूच्या दांड्यास लागला असावा, असा चौकशी करणाऱ्यांचा तर्क आहे. विमान इतक्या हळू खालीं येऊं लागलें कीं कोणाच्या पोटांत गोळा आला नाहीं, कोणाचा पेला हिंदकळला नाहीं. ठरलेल्या उंचीपासून २५० फूट ढळतांच एक किणकिण वाजली. ती वाजली इंजिनिअरच्या आसनाजवळ, आणि इंजिनिअर त्या वेळीं खालच्या कोठडींत होता. विमानांतील ध्वनिमुद्रण यंत्रांत ती किणकिण उमटलेली आहे. तिच्यावर कोणी एक शब्द बोलल्याची मात्र नोंद नाहीं.

मायामीच्या अधिकाऱ्यास रडारवर विमानाची उंची ९०० फूट दिसली. परंतु अशा आंकड्यांत क्षणभर गडबड होते, हा त्याचा नेहमींचा अनुभव. त्यानें उंचीचें नांव न काढतां एवढेंच विचारलें, कीं आपलें काम कोठवर आलें आहे? कप्तानानें उत्तर दिलें, आम्ही आतां वळून परत येतों. अधिकाऱ्याचें समाधान झालें. शेवटच्या कांहीं क्षणांत सहवैमानिकाचें लक्ष गेलें. आपण अद्याप २,००० फुटांवरच आहोंत ना, असें त्यानें विचारलें. त्या प्रश्नाला उत्तर मिळण्याइतकाही वेळ उरला नव्हता. ११ वाजून ४२ मिनिटांनीं विमान दलदलींत कोसळलें. रात्रीं बेडूक पकडण्यासाठीं सपाट नाव घेऊन तेथें आलेला एक मनुष्य तो प्रकाशाचा लोळ पाहून धांवला, आणि बुडणाऱ्यांना प्रथम हात मिळाला तो त्याचाच. त्या अपघातांत १०१ माणसें प्राणांस मुकलीं; ७५ वांचलीं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें १९७३ सालीं आपला निर्णय प्रसिद्ध केला. पुढचें चाक खालीं उतरून घट्ट बसलेलें होतें. त्याच्या दिव्याच्या डबींत दोन बल्ब होते आणि ते दोन्ही जळून गेलेले होते. दुसरें कांहीं नाहीं. किल्ली हरवली म्हणून सारें घर शोधाशोधींत गुंतावें आणि तेवढ्यांत चुलीवरचें दूध उतूं जावें, हा प्रकार आपल्या प्रत्येकाच्या घरीं घडतो. दूध परत आणतां येतें, म्हणून आपण त्याचा इतिहास लिहीत नाहीं.

एवढ्यावर जग शहाणें झालें असतें तर मला पुढें बोलण्याचें कारण राहिलें नसतें. परंतु सहा वर्षांनीं, २८ डिसेंबर १९७८ रोजीं, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकास, ऑरेगन संस्थानांतील पोर्टलंड येथें पुन्हां तोच प्रसंग आला. युनायटेड एअरलाइन्स कंपनीचें १७३ क्रमांकाचें डीसी-८ विमान डेन्व्हरहून तेथें येत होतें. त्यांत १८९ माणसें होतीं. सायंकाळीं पांचच्या पुढें चाकें खालीं करतांच मोठा आवाज झाला व विमानास हिसका बसला. उजव्या बाजूच्या चाकाचा आधार गंजून तुटला होता व चाक धाडकन् खालीं पडलें होतें. त्या दणक्यानें वर्दी देणारी कळ मोडली. पुढच्या चाकाचा दिवा लागला. मोठ्या चाकांची खात्री होईना. पंखांवर चाकें उतरल्याची खूण दाखविणारे लहान खुंट असतात. ते वर आलेले दिसत होते. तरीही कप्तान सावध होता. उतरतांना चाक मोडलें तर उतारूंना बाहेर कसें काढावयाचें, याची तयारी पुरी झाल्यावांचून तो उतरूं इच्छीत नव्हता. विमान पोर्टलंडच्या आसपास सुमारें तासभर घिरट्या घालीत राहिलें.

येथें मी आपणांस एक त्रैराशिक घालतों. पांच वाजून सत्तेचाळीस मिनिटांच्या सुमारास इंजिनिअरनें टांक्यांत ५,००० पौंड इंधन उरल्याचें सांगितलें. विमान ताशीं सुमारें १३,००० पौंड, म्हणजे मिनिटास सुमारें २२० पौंड जाळीत होतें. तर विमान आणखी किती वेळ उडेल? उत्तर, तेवीस मिनिटांहून किंचित् कमी. शाळेंतला कोणताही मुलगा हें गणित सोडवील. तरी कप्तान आणखी पंधरा मिनिटें थांबण्याच्या गोष्टी बोलत होता. पंधरा मिनिटांनीं इंधन फारच कमी होईल, असें इंजिनिअरनें त्याला सांगितलेंही. परंतु तें सांगणें माहिती पुरविल्यासारखें होतें, हात धरून थांबविल्यासारखें नव्हतें. कप्तानाचें मन चाकांत गुंतलें होतें, तें त्या शब्दांनीं जागें झालें नाहीं. सहाच्या सुमारास एंजिनें एकामागून एक बंद पडूं लागलीं, आणि सव्वासहा वाजतां विमान धांवपट्टीपासून सहा मैल अलीकडे, वस्तीलगतच्या झाडींत आदळलें. इंधनाचा थेंब नसल्यामुळें आग लागली नाहीं, एवढेंच नशीब. दहा माणसें मृत्यू पावलीं. त्यांत तो इंजिनिअरही होता.

श्रोतेहो, माझा जन्म शाळेंत गेला, म्हणून या दुसऱ्या कथेचा एक भाग मला विशेष परिचयाचा वाटतो. मास्तरांनीं फळ्यावर बेरीज चुकविली, तर पहिल्या बांकावरील हुशार मुलाला ती ताबडतोब दिसते. तो शेजाऱ्याकडे पाहतो, आपल्या वहींत बरोबर आंकडा मांडतो, फार तर "गुरुजी, सात का हो?" असें अर्ध्या आवाजांत विचारतो. मास्तरांच्या कानीं तें गेलें नाहीं, तर पुन्हां बोलत नाहीं. याला आपण विनय म्हणतों, आणि वर्गांत त्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु तोच विनय विमानाच्या कक्षांत १८९ जिवांच्या पुढें येऊन उभा राहिला. चौकशी मंडळानें कप्तानास दोष दिलाच. इंधनावर लक्ष ठेवणें हें त्याचें काम होतें. पण त्याच वाक्यांत दुसरीही गोष्ट सांगितली, कीं इतर दोघांना धोक्याची पुरी कल्पना आली नाहीं, किंवा आली असली तरी ती कप्तानाच्या गळीं उतरवितां आली नाहीं. म्हणून मंडळानें शिफारस केली, ती कनिष्ठांना स्पष्ट व ठामपणें बोलण्याचें, आणि वरिष्ठांना सहकाऱ्यांचें ऐकून घेण्याचें शिक्षण द्यावें अशी.

हें बोलणें त्या काळीं पुष्कळांना विचित्र वाटलें असेल. विमानाचा कप्तान हा जहाजाच्या तांडेलाप्रमाणें सर्वाधिकारी, ही परंपरा जुनी. त्यांत तथ्यही होतें. संकटसमयीं शेवटचा शब्द एकाचाच असला पाहिजे. परंतु शेवटचा शब्द एकाचा असणें निराळें आणि पहिल्यापासूनचे सर्व शब्द एकाचेच असणें निराळें. १९७९ च्या जूनमध्यें नासा या अमेरिकन संस्थेनें या प्रश्नावर सॅन फ्रान्सिस्को येथें एक परिषद भरविली. १९८१ सालीं ज्या कंपनीचें विमान पोर्टलंडास पडलें होतें, तिनेंच आपल्या वैमानिकांसाठीं अशा शिक्षणाचा क्रम प्रथम सुरू केला. आज जगांतील बहुतेक देशांतून, आपल्या देशांतूनही, वैमानिकास तें शिक्षण सक्तीचें आहे. मायामीच्या अपघातानंतर रडारचीही सुधारणा झाली : विमान फार खालीं आल्यास अधिकाऱ्यापुढें आपोआप इशारा उमटावा, अशी व्यवस्था करण्यांत आली.

तर मग आज हिरवा दिवा लागला नाहीं तर काय करतात? पहिली गोष्ट, कप्तान स्पष्ट शब्दांत सांगतो, कीं विमान कोणी चालवावयाचें व बिघाड कोणी पाहावयाचा. चालविणारा उंची, वेग व दिशा यांवरून नजर काढीत नाहीं. दिव्याचें काय होतें, याकडे तो ढुंकूनही पाहत नाहीं. विमान सुरक्षित उंचीवर नेऊन मगच दुसरा वैमानिक छापील यादी उघडतो व क्रमाक्रमानें वाचून पुरी करतो; आठवणीवर विसंबत नाहीं. त्या यादींत दिव्याचीच परीक्षा असते, वर्दी देणारी दुसरी व्यवस्था काय सांगते याची पडताळणी असते, आणि नेहमींच्या यंत्रणेनें चाकें उतरत नसतील तर तीं केवळ आपल्या भारानें खालीं पडावीं, अशी युक्ति असते. या सर्व काळांत इंधनाचा हिशेब मिनिटांत मांडलेला असतो : अमुक वाजतां, चाकें असोत वा नसोत, उतरावयाचेंच. विमानकर्मचारी उतारूंना डोकें खालीं घालून कसें बसावें हें शिकवितात. खालीं बंब व रुग्णवाहिका उभ्या राहतात. चाकांवांचून उतरणें भयंकर दिसतें. तरी सपाट धांवपट्टीवर, बेताच्या वेगानें व इंधन हाताशीं असतांना उतरलेलें विमान बहुधा माणसांना वांचवितें. इंधनावांचून उडणें मात्र कोणालाच वांचवीत नाहीं.

या नव्या शिस्तीचीं फळें जगानें पाहिलीं आहेत. २१ सप्टेंबर २००५ रोजीं अमेरिकेंत जेटब्ल्यू कंपनीच्या एअरबस विमानाचीं पुढचीं चाकें उतरलीं खरीं, पण आडवीं, विमानाच्या दिशेशीं काटकोन करून. आंत १४६ माणसें होतीं. वैमानिकांनीं विमान एका मनोऱ्याजवळून खालून नेऊन चाकांची स्थिति पाहून घेतली, मग इंधन जाळून भार हलका करण्यासाठीं कित्येक तास घिरट्या घातल्या आणि लॉस एंजेलिस येथें धांवपट्टीच्या मध्यरेषेवर तें अलगद उतरविलें. आडव्या चाकांतून ज्वाळा निघाल्या, रबर जळून गेलें, परंतु कोणासही इजा झाली नाहीं. तेथेंही विमान तासन्तास घिरट्या घालीत होतें, आणि पोर्टलंडलाही घालीत होतें. एका ठिकाणीं इंधन हेतुपूर्वक व मोजून जाळलें, दुसऱ्या ठिकाणीं तें नकळत जळून गेलें, अंतर एवढेंच.

१ नोव्हेंबर २०११ रोजीं पोलंडच्या लॉट कंपनीचें बोइंग ७६७ विमान अमेरिकेंतील नेवार्क येथून वॉर्सा शहरीं येत होतें. आंत २३१ माणसें. उड्डाणानंतर थोड्याच वेळांत चाकें उतरविणाऱ्या यंत्रणेंतील तेल गळून गेलें. वॉर्सास आल्यावर पर्यायी यंत्रणा वापरून पाहिली, तीही चालेना. तासाभराहून अधिक काळ विमान आकाशांत फिरत राहिलें. पोलंडच्या दोन लढाऊ विमानांनीं जवळ येऊन त्याचें पोट न्याहाळलें व चाकें उतरलेलीं नाहींत, हें निश्चित सांगितलें. शेवटीं कप्तान तादेउश व्रोना यांनीं विमान फेस पसरलेल्या धांवपट्टीवर पोटावर उतरविलें, आणि २३१ च्या २३१ माणसें चालत बाहेर आलीं. पुढें विमान उचलून तपासलें, तेव्हां एक लहानशी विद्युत्‌कळ सुटलेली आढळली. ती दाबतांच पर्यायी यंत्रणा चालूं लागली व चाकें मुकाट्यानें खालीं आलीं! येथेंही क्षुल्लक वस्तूनेंच घात केला होता, आणि ती वेळेवर हातीं लागली असती तर बरेंच होतें. परंतु ती सांपडली नाहीं तरी माणसें वांचलीं. कारण तिच्या शोधांत गुंतून विमान चालविणें कोणी थांबविलें नव्हतें.

इतिहासाचा ओघ मात्र सरळ रेषेनें पुढें जातो, असें समजूं नये. ज्या कराचीहून टाटांचें पुस मॉथ निघालें होतें, त्याच शहरीं २२ मे २०२० रोजीं पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचें विमान लाहोरहून आलें. त्याचीं चाकें प्रथम खालीं केलेलीं होतीं. उतरण्यापूर्वीं तीं पुनः वर गेलीं. विमान भलत्याच वेगानें येत होतें, इशारे एकामागून एक वाजत होते, आणि वैमानिकांचें चित्त दुसऱ्याच बोलण्यांत गुंतलें होतें. विमान एंजिनांवर घसटत गेलें, पुनः वर चढलें, आणि घासलेलीं एंजिनें बंद पडून वस्तींत कोसळलें. विमानांतील ९९ पैकीं ९७ माणसें व जमिनीवरील एक जीव, इतकी हानि झाली. मायामीस एका खोट्या इशाऱ्याकडे सर्वांनीं पाहिलें. कराचीस खऱ्या इशाऱ्यांकडे कोणींच पाहिलें नाहीं. एका ठिकाणीं लक्ष फार होतें, दुसऱ्या ठिकाणीं मुळींच नव्हतें. पण नजर फिरती ठेवणारा मनुष्य दोन्ही ठिकाणीं हवा होता.

यंत्रें सुधारतील, आतां पुष्कळ विमानांत चाकांची वर्दी दोन स्वतंत्र मार्गांनीं येते, आणि जळालेल्या बल्बानें एवढा अनर्थ होण्याची शक्यता फारच कमी झाली आहे. परंतु यंत्रानें विचारलेल्या प्रश्नास उत्तर द्यावयास मनुष्य बसला आहे, तोंवर त्याच्या शेजारच्यानें मोकळेपणें बोलणें आणि त्यानें तें ऐकणें, याला पर्याय दिसत नाहीं. आपण कधीं प्रवासांत असाल, आणि कप्तान शांत आवाजांत सांगेल, कीं एका दिव्याविषयीं खात्री करून घ्यावयाची असल्यामुळें आपणांस थोड्या घिरट्या घालाव्या लागतील, तर घाबरूं नका. आंत दोघांपैकीं एकजण त्या वेळीं यादी वाचीत असेल; आणि दुसरा, ज्याच्यावर आपणां सर्वांचा भार आहे, तो त्या दिव्याकडे मुळींच पाहत नसेल. मुलाबाळांना हें सांगा, शेजारच्या घाबरलेल्या उतारूलाही सांगा. एवढें बोलून मी आपली रजा घेतों.